कोवळ्या गोलंदाजाने पैसे घेतले तर शिक्षा किती? (आमिर, अंकित चव्हाण वगैरे)

गोवंडीचा_गुगली

पैसे घेऊन नोबॉल टाकणाऱ्या पाकिस्तानच्या मोहम्मद आमिरचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, 'पोरगंच होतं हो, अठरा वर्षांचं'. दुसरा, 'चोर तो चोर, वय कसलं विचारता'. तपशील मात्र दोन्ही बाजूंना अर्धवटच ठाऊक असतात. म्हणून आधी तपशील मांडतो, मग खुशाल भांडू.

ऑगस्ट २०१०, लॉर्ड्स कसोटी. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'च्या बातमीदाराने सट्टेबाजांचा माणूस असल्याची बतावणी करून मझर मजीद या एजंटाला दीड लाख पौंड दिले. कोणत्या षटकातला कोणता चेंडू नोबॉल पडणार, हे मजीदने आधीच सांगून ठेवलं. तीन नोबॉल ठरल्याप्रमाणे पडले. दोन आमिरचे, एक मोहम्मद आसिफचा. आमिरचा पाय रेषेच्या इतका पुढे पडला होता की नुसत्या डोळ्यांनाही खटकावं. त्याच डावात या पोराने ८४ धावांत ६ बळी घेतले, हेही विसरू नका.

५ फेब्रुवारी २०११ ला आयसीसीच्या लवादाने शिक्षा सुनावली. कर्णधार सलमान बट दहा वर्षं, त्यातली पाच स्थगित. आसिफ सात, त्यातली दोन स्थगित. आमिर सरळ पाच. कागदावर दहा-सात-पाच दिसतं, पण स्थगित वर्षं वजा करा: तिघेही बरोबर पाच-पाच वर्षं बाहेर. कट रचणारा कर्णधार, सत्तावीस वर्षांचा मुरलेला गोलंदाज आणि नुकतं मिसरूड फुटलेलं पोर, तिघांना एकच माप.

फरक केला तो लंडनच्या साउथवर्क क्राउन कोर्टाने, ३ नोव्हेंबर २०११ ला. मजीद ३२ महिने, बट ३०, आसिफ १२, आमिर ६.

माझा प्रश्न असा. वय बघून सूट द्यावी का? आणि गुणवत्ता बघून द्यावी का? माझ्या मते पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं ठाम नाही. पण प्रत्यक्षात आपण सगळे उलटंच करतो.

वकील_नाही_पण

पाच वर्षं का, तर त्याखाली जायची सोयच नव्हती. आयसीसीच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत कलम २.१ म्हणजे प्रत्यक्ष फिक्सिंग, आणि त्याला कलम ६.२ प्रमाणे कमीत कमी पाच वर्षं, जास्तीत जास्त आजन्म. लवादाचे अध्यक्ष मायकेल बेलॉफ यांनी किमान शिक्षेबाबत लवचीकता असावी, याचा विचार आयसीसीने करावा असं त्याच वेळी सुचवलं होतं. लवादाचे हात बांधलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता 'वय'. ते संहितेत आहे. ६.१.२ मध्ये शिक्षा सौम्य करणाऱ्या गोष्टींची यादी आहे: लवकर दिलेली कबुली, पूर्वीचं स्वच्छ वागणं, तरुण वय किंवा अननुभव, तपासाला मदत, सामन्याच्या निकालावर परिणाम न होणं, पश्चात्ताप. ६.१.१ मध्ये शिक्षा वाढवणाऱ्या गोष्टी. दोन्ही याद्या नीट वाचा, 'चेंडू दोन्हीकडे स्विंग करतो' असं कुठेच लिहिलेलं नाही. गुणवत्ता ही संहितेच्या दृष्टीने सौम्य करणारी बाब नाहीच.

पण ही यादी लागू होते ती किमान आणि कमाल यांच्या मधल्या जागेत. किमान पाच असेल तर अठरा वर्षांच्या कबुली देणाऱ्याला आणि अठ्ठावीस वर्षांच्या नाठाळाला त्याखाली काही मिळत नाही.

कबुलीचंही नीट समजून घ्या. दोहात बसलेल्या आयसीसीच्या लवादापुढे आमिरने आरोप नाकारले होते. गुन्हा कबूल केला तो नंतर, इंग्लंडच्या कोर्टात. न्यायमूर्ती कुक यांनी निकालात हिशेब मांडला आहे: मुळात नऊ महिने, कबुलीची एक तृतीयांश सूट, म्हणून सहा. वय, ग्रामीण पार्श्वभूमी, दुसऱ्याच्या नादी लागण्याचा स्वभाव हे सगळं त्या नऊच्या आकड्यात आधीच धरलं होतं. अपील केलं, तेही नोव्हेंबर २०११ मध्येच फेटाळलं गेलं.

आडवी_बॅट

'नादी लागलं बिचारं' हे मला अर्धंच पटतं. बचाव असा होता की फक्त लॉर्ड्सला, एकदाच, दबावाखाली. न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं मानलं नाही. त्याआधीच्या ओव्हल कसोटीच्या वेळी पाकिस्तानातल्या एका नंबरशी झालेले आमिरचे संदेश कोर्टापुढे होते. वय अठरा असलं तरी फोन त्याच्याच हातात होता ना?

आणि पाच वर्षं तिघांना सारखी म्हणता, तर वयाचं गणित करा. अठराचा पोरगा तेविसाव्या वर्षी परत येतो, वेगवान गोलंदाजाचे उमेदीचे दिवस पुढेच असतात. आसिफ परत यायचा तो बत्तिशी ओलांडून. त्याचं कसोटी क्रिकेट तिथेच संपलं. त्या तिघांत सगळ्यात हलकी शिक्षा आमिरलाच झाली, लवादाने ठरवून दिली नसली तरी.

गोवंडीचा_गुगली

@आडवी_बॅट, वयाच्या गणिताचा मुद्दा मान्य. मग हाही आकडा घ्या. मजीदच्या वकिलाने कोर्टात सांगितलेली वाटणी: आसिफ ६५ हजार पौंड, बट १० हजार, आमिर अडीच हजार. दोन नोबॉल टाकणाऱ्याला सगळ्यात कमी! आसिफला जास्त का, तर तो दुसऱ्या टोळीकडे जाऊ नये म्हणून. मुरलेल्याला भाव असतो, पोराला 'कर्णधार सांगतोय' एवढंच पुरतं.

तिसरा_पंच

कर्णधाराचा मुद्दा तांत्रिक अंगाने बघा, म्हणजे वयाची चर्चा सोपी होईल.

'डावाच्या तिसऱ्या षटकाचा पहिला चेंडू नोबॉल' हे वचन गोलंदाज एकटा देऊच शकत नाही. तिसरं षटक कोण टाकणार, कोणत्या टोकाकडून, बदल कधी, हे कर्णधाराच्या हातात. गोलंदाज फार तर 'माझ्या दुसऱ्या षटकात' एवढं म्हणेल, आणि ते षटक मिळेलच याची खात्री नाही. त्यामुळे चेंडू नेमून दिलेला सौदा असेल तर वरचा माणूस सामील आहे, असं आधी धरून चालावं. २००० मध्ये तेच. नागपूरला १९ मार्चच्या एकदिवसीय सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने आपल्याच संघातल्या हर्शल गिब्जला वीसच्या आत बाद व्हायला आणि हेन्री विल्यम्सला दहा षटकांत पन्नासच्या वर धावा द्यायला सांगितलं होतं, माणशी पंधरा हजार डॉलरला. गिब्जने ७४ केल्या, विल्यम्स दुसरं षटक पुरं व्हायच्या आत जायबंदी झाला. सौदा बारगळला, तरी होकार दिल्याबद्दल दोघांना सहा-सहा महिने आणि क्रोनिएला आजन्म. किमान पाच वर्षांचा नियम तेव्हा असता तर गिब्ज पाच वर्षं घरी बसला असता. सहा महिने मला कमीच वाटतात, पण वरचा आणि खालचा यांत फरक करावा ही बुद्धी तिथे होती.

दुसरं म्हणजे, नोबॉलवर सट्टा लागतो हा गैरसमज. एकेका नोबॉलवर मोठी रक्कम घेणारा बुकी सहसा सापडणार नाही. नोबॉल हा नमुना असतो. 'बघा, माणसं माझ्या खिशात आहेत' हे गिऱ्हाइकाला पटवायचं, मग खरा धंदा सेशनवर. सहा षटकांत किती धावा, दहा षटकांत किती, यालाच तिकडे ब्रॅकेट म्हणतात. नोबॉलचा तोटा असा की तो पुरावा म्हणून पक्का. रेषा पांढरी, पाय पुढे, आणि आधी बोललेलं रेकॉर्डिंग. धावा देणं त्याच्या उलट. फुलटॉस पडला तर हात घसरला म्हणता येतं.

चहापानापूर्वी

यावरूनच आपल्या २०१३ कडे येऊ. आयपीएल, राजस्थान रॉयल्स, १६ मे च्या पहाटे तिघांना अटक: श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण. खाली लिहितोय तो दिल्ली पोलिसांचा आरोप आहे, कोर्टात सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आरोपाप्रमाणे सौदा षटकाचा: एका षटकात चौदा किंवा जास्त धावा. पण बुकीला सट्टा लावायला वेळ हवा, म्हणून षटकाआधी खूण. श्रीशांतची खूण कमरेला खोचलेला छोटा टॉवेल, चव्हाणची मनगटाशी चाळा. टॉवेल खोचायचा, मग क्षेत्ररक्षण लावण्यात, अंग मोकळं करण्यात मिनिट-दोन मिनिटं काढायची, तेवढ्यात फोनवर भाव घेतले जातात. चंडिलाच्या बाबतीत पोलिसांचं म्हणणं असं की ५ मे ला जयपूरला पुणे वॉरियर्सविरुद्ध त्याने धावा दिल्या, पण खूण करायची राहून गेली. बुकींना सट्टा लावता आला नाही आणि त्यांनी आगाऊ दिलेली रक्कम परत मागितली. चव्हाणचं षटक १५ मे चं, वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध, आरोपात रक्कम साठ लाख.

बोर्डाने १३ सप्टेंबर २०१३ ला शिक्षा दिल्या. श्रीशांत आजन्म. चव्हाण आजन्म. अमित सिंग पाच वर्षं. सिद्धार्थ त्रिवेदी एक वर्ष, संपर्क झाल्याचं कळवलं नाही म्हणून. हरमीत सिंग पुराव्याअभावी मोकळा. २०१५ च्या जुलैत दिल्लीच्या पतियाळा हाउस कोर्टाने मोक्काच्या खटल्यातून सगळ्यांना आरोपमुक्त केलं, तरी बोर्डाची बंदी तशीच.

इथे गुगलीसाहेबांचा मुद्दा उघडा पडतो. विश्वचषक जिंकलेला सत्तावीस कसोट्यांचा गोलंदाज आणि रणजीत नुकता स्थिरावलेला फिरकीपटू, दोघांना एकच आजन्म. वय, पद, अनुभव, काहीच मोजलं नाही.

वकील_नाही_पण

आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमकं तेच पकडलं. १५ मार्च २०१९, न्या. अशोक भूषण आणि न्या. के. एम. जोसेफ. श्रीशांत दोषी की नाही यात ते शिरले नाहीत, दोष कायम ठेवला. म्हणाले एवढंच की संहितेत पाच वर्षं ते आजन्म असा पल्ला दिलेला असताना शिस्तपालन समितीने वाढवणाऱ्या-सौम्य करणाऱ्या बाबी न तपासता थेट कमाल शिक्षा दिली, हे चालणार नाही; पुन्हा ठरवा. मग बोर्डाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी ती सात वर्षांवर आणली, म्हणजे सप्टेंबर २०२० पर्यंत. चव्हाणलाही पुढे सातच वर्षं झाली, पण तो आदेश २०२१ चा. बंदी कागदोपत्री २०२० मध्ये संपलेली आणि कळलं पुढच्या वर्षी! तोवर वय पस्तीस. आजन्म शिक्षा नंतर सात केली तरी माणसाच्या पदरात आजन्मच पडते, कारण मधली वर्षं तो तयारी कशासाठी करणार, कोणाच्या मैदानावर करणार? ठरलेली सात वर्षं पहिल्या दिवशी सांगितली असती तर निदान हिशेब लावता आला असता.

आरोपमुक्त होऊनही बंदी का, असं दर धाग्यावर विचारलं जातं, म्हणून एकदाच लिहितो. फौजदारी कोर्टाला वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो. शिस्तपालन लवादाला त्याहून कमी, पण 'जास्त शक्यता' यापेक्षा वरचा: लवादाची समाधानकारक खात्री पटली पाहिजे. दोन वेगळ्या चाळण्या आहेत. शिवाय आपल्याकडे खेळातल्या फसवणुकीचा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, २०१३ चा मसुदा मसुदाच राहिला. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सरळ म्हटलं की मॅच फिक्सिंग हे कलम ४२० च्या व्याख्येत बसत नाही, कारवाई बोर्डाने करावी. श्रीलंकेने २०१९ मध्ये वेगळा कायदा केला, दहा वर्षांपर्यंत कैद. आमिरला इंग्लंडने तुरुंगात धाडलं ते तिथल्या २००५ च्या जुगार कायद्यातलं फसवणुकीचं कलम आणि लाच घेण्याचा कट या दोन्हींखाली.

खडूस_सलामीवीर

एवढा कायद्याचा कीस पाडून झाला असेल तर साधा प्रश्न. आजन्म बंदीने धाक बसतो की नाही? रणजीतल्या पोराला 'सापडलास तर पाच वर्षं' आणि 'सापडलास तर कायमचं' यात फरक वाटेलच ना?

तिसरा_पंच

वाटतो, पण कोणत्या टप्प्यावर ते बघा. मासा गळाला लागायच्या पायऱ्या साधारण ठरलेल्या आहेत, आणि पहिल्या तीन पायऱ्यांवर पोराला आपण काही गुन्हा करतोय असं वाटतच नाही.

आधी ओळख. माणूस बुकी म्हणून येत नाही. बॅट-बुटांचा प्रायोजक, इव्हेंट कंपनी, कुठल्याशा परदेशी लीगचा संघमालक, किंवा ज्याच्याबरोबर दोन हंगाम खेळलो असा जुना सहकारी. मग भेटवस्तू. घड्याळ, फोन. बांगलादेशच्या नासिर हुसेनला २०२४ च्या जानेवारीत दोन वर्षांची बंदी झाली (सहा महिने स्थगित), त्यातला एक आरोप आयफोन १२ मिळाल्याचं न कळवल्याचा होता. तिसरी पायरी माहितीची: 'उद्या खेळतोयस का?', 'पिचवर गवत ठेवलंय का?' पोर उत्तर देतं, कारण त्यात काय एवढं. आतली माहिती देणं हा संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे हे त्याच्या गावीही नसतं. चौथी पायरी पैशाची, आणि पाचवीला आवाज बदलतो. 'मागचे मेसेज आहेत माझ्याकडे.'

धाक बसायला हवा तो तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये. तिथे पोराला परतायला वाट हवी. 'मी माहिती दिली, फोन घेतला, आता हा माणूस सामना मागतोय' असं सांगायला तो भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याकडे गेला आणि समोर आजन्मच दिसत असेल, तर जाईल कशाला? गप्प बसेल आणि पाचव्या पायरीवर पोचेल. आजन्म शिक्षेचा धाक कबुलीलाही बसतो, ही त्यातली गोम.

आडवी_बॅट

पण मग उशिरा कळवणाऱ्याला किती सोडायचं? ब्रेंडन टेलर घ्या. झिम्बाब्वेचा माजी कर्णधार, तेहतिशीतला, पोरगा नव्हे. २०१९ च्या ऑक्टोबरच्या शेवटी भारतात बोलावलं, मेजवानी, कोकेन, व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी ब्लॅकमेल आणि पंधरा हजार डॉलर हातात. एकही सामना फिक्स केला नाही असं त्याचं म्हणणं, आणि तसा आरोपही नव्हता. कळवलं चार महिन्यांहून जास्त उशिराने. साडेतीन वर्षं बंदी. अनुभवी माणूस चार महिने घाबरून बसतो तर एकोणिशीच्या पोराकडून काय अपेक्षा करता?

तिसरा_पंच

हाच तर माझा मुद्दा, तुम्हीच मांडलात.

पिच_रिपोर्ट

नुसतं 'कळवा' म्हणून भागत नाही. प्रत्यक्ष काय करायचं ते लिहितो, कोणाच्या घरात अकादमीत जाणारं पोर असेल तर उपयोगी पडेल.

संपर्क झाला की स्वतः 'नाही' म्हणून विषय संपवायचा नाही. नकार दिला हा बचाव होतच नाही. नकार देऊनही न कळवणं हा २.४.४ खाली गुन्हा आहे, जास्तीत जास्त पाच वर्षं. शाकिब अल हसनला २०१९ मध्ये दोन वर्षं (एक स्थगित) झाली ती फक्त तीन वेळा न कळवल्याबद्दल, फिक्सिंगचा आरोपच नव्हता. उमर अकमलला दोन संपर्क लपवल्याबद्दल तीन वर्षं, अपिलात दीड, लोझानच्या क्रीडा लवादात बारा महिने आणि पाकिस्तानी साडेबेचाळीस लाखांचा दंड.

कळवायचं ते विनाविलंब, आणि थेट भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला. प्रशिक्षकाला, कर्णधाराला, संघमालकाला सांगून जबाबदारी संपत नाही. ते स्वतः सामील असू शकतात, लॉर्ड्सला कर्णधारच होता. मुंबईच्या ट्वेंटी-२० लीगच्या २०१९ च्या हंगामात तर एका संघाच्या सहमालकाकडूनच खेळाडूंशी संपर्क झाल्याचं प्रकरण निघालं; २०२५ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. खेळाडूंनी गळ ओळखला म्हणून ते उजेडात आलं.

मेसेज पुसायचे नाहीत. घाबरून चॅट डिलीट केलं की मूळ गुन्ह्यापेक्षा मोठं लचांड: २.४.७, पुरावा नष्ट करणं. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नंबर ब्लॉक करायच्या आधी तो अधिकाऱ्याला द्या. तपासात फोन मागितला तर तो द्यावाच लागतो. सनथ जयसूर्याला २०१९ मध्ये दोन वर्षं झाली ती असहकार आणि अडथळ्याच्या कलमांखाली, फिक्सिंगची नव्हे.

आणि नोटीस आली तर उत्तर द्या. साधारण चौदा दिवस मिळतात. इंग्लंडमधला क्लब खेळाडू रिझवान जावेद याने अबुधाबी टी-१० च्या प्रकरणात उत्तरच दिलं नाही, २०२४ मध्ये साडेसतरा वर्षं बसली. कबुली, लवकर कबुली, तपासाला मदत या तिन्ही सवलती गेल्याच.

अवांतर: ड्रेसिंग रूमच्या दाराशी फोन आणि स्मार्टवॉच जमा करतात ते याचसाठी. २०१८ ला लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या दोन खेळाडूंच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसलं तेव्हा अधिकाऱ्याने काढायला लावलं. मैदान तेच, संघ तोच!

खडूस_सलामीवीर

बरं, कळवण्याचं पटलं. पण गुणवत्तेचं बोला. आमिर परत आला तेव्हा कोणाला त्रास झाला? चॅम्पियन्स ट्रॉफीचा २०१७ चा अंतिम सामना बघितलाय ना सगळ्यांनी? रोहित, कोहली, धवन. १६ धावांत ३.

गोवंडीचा_गुगली

बघितला, अजून सल आहे :)

त्रास परत येण्याचा नाही, रांगेचा आहे. संहितेत सुधारणा झाली आणि बंदी संपायच्या सात महिने आधी, जानेवारी २०१५ मध्ये, आमिरला देशांतर्गत क्रिकेट खेळायची मुभा मिळाली. नियम चांगला आहे, चौकशीत खुलेपणाने सहकार्य केलं, शिक्षणाच्या कार्यक्रमात भाग घेतला, तर ही सवलत मिळू शकते. पण वर्षभरात तो थेट न्यूझीलंडमध्ये पाकिस्तानच्या टी-शर्टात. बट आणि आसिफ देशांतर्गत खेळले, राष्ट्रीय संघाचं दार उघडलं नाही. यात 'तो लहान होता' हे कारण किती आणि 'तसा डावखुरा दुसरा नाही' हे कारण किती? माझा हिशेब सांगतो दुसरंच जास्त.

उलटी बाजू बघा. एसेक्सचा मर्व्हिन वेस्टफील्ड. २००९ मध्ये, एकविशीत, डरहॅमविरुद्धच्या चाळीस षटकांच्या सामन्यात पहिल्या षटकात बारा धावा द्यायचे सहा हजार पौंड घेतले. दिल्या दहाच. फेब्रुवारी २०१२ मध्ये चार महिने तुरुंग, मग पाच वर्षं बंदी, क्लब क्रिकेटला तीन वर्षांनी परवानगी. त्याला या फंदात ओढणारा म्हणून एसेक्सचाच सहकारी दानिश कनेरियावर आजन्म बंदी आली. म्हणजे वेस्टफील्डच्या प्रकरणात वरचा आणि खालचा यांच्यात फरक नीट केला गेला. नंतर त्याने इंग्लंडच्या खेळाडू संघटनेसाठी तरुणांना सावध करायचं काम केलं. पण त्याची जागा राखून कोण बसणार होतं? साधा काउंटी गोलंदाज. आमिरएवढीच कोवळी चूक, पण वाट बघायला कोणी नाही. चव्हाणचंही तेच.

आडवी_बॅट

निवड समितीवर शिक्षेची जबाबदारी टाकताय तुम्ही. बंदी संपली की माणूस मोकळा, मग निवड गुणवत्तेवरच होणार. त्यात गैर काय?

गोवंडीचा_गुगली

निवड गुणवत्तेवर करा, मान्य. पण मग बंदीच्या काळात सरावाचं मैदान, प्रशिक्षक, परत येण्याची ठरलेली तारीख, हे सगळ्यांना सारखं द्या. पाकिस्तानच्या शर्जील खानची फिक्सिंगबद्दलच्या पाच वर्षांपैकी अडीच स्थगित होती, पुनर्वसनाचा कार्यक्रम पुरा करून तो २०१९ मध्ये मोकळा झाला. असा लेखी कार्यक्रम रणजीतल्या पोराला मिळतो का? त्याला एक पत्र मिळतं आणि दार बंद.

मला विचाराल तर पंचविशीच्या आतल्या, पहिल्यांदा सापडलेल्या, स्वतःहून कबूल केलेल्या खेळाडूला तीन वर्षं प्रत्यक्ष, दोन स्थगित. त्याला जाळ्यात ओढणारा कर्णधार, एजंट, सहकारी असेल त्याला आजन्म. आणि लपवलं, मेसेज पुसले, तर वयाची सूट रद्द.

वकील_नाही_पण

तीन अधिक दोनला संहिता बदलावी लागेल, २.१ ची किमान पाच अजून तशीच आहे. वेळ वाचवायचा तर मार्ग एकच, तडजोडीने ठरवलेली शिक्षा. आरोपाची नोटीस मिळाल्यावर सुनावणी न मागता कबुली द्यायची, शिक्षा दोन्ही बाजूंनी ठरवायची. बरीच प्रकरणं आता तशीच निघतात. त्यामुळे पोराने वकील पहिल्या आठवड्यातच गाठावा, वर्तमानपत्राला मुलाखत देण्याआधी.

नवा_भिडू

उशिरा आलोय, धागा वाचला. एक प्रश्न. बंदी असलेला खेळाडू गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत खेळू शकतो का? आमच्याकडे गणपतीनंतर मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धा होतात, त्यात कोणी माजी रणजीपटू आणतात.

पिच_रिपोर्ट

कोणाच्या आशीर्वादाने स्पर्धा होते त्यावर आहे. बोर्ड, राज्य संघटना, जिल्हा संघटना किंवा त्यांना संलग्न क्लब यांची स्पर्धा असेल तर नाही, मग चेंडू टेनिसचा असो की प्लास्टिकचा. खेळणंच नव्हे, प्रशिक्षण देणं, पंचगिरी करणं, संघाबरोबर अधिकृत बिल्ला लावून फिरणं हेही नाही. बोर्डाने मान्य केलेले शिक्षण-पुनर्वसनाचे कार्यक्रम तेवढे अपवाद. पूर्ण खासगी, असंलग्न स्पर्धा संहितेच्या बाहेर पडू शकते, पण आयोजकाच्या तोंडी भरवशावर जायचं नाही.

आमिर यातच फसला होता. जून २०११, बंदी लागून जेमतेम चार महिने, फौजदारी खटला अजून पुढे. सरेमध्ये अ‍ॅडिंग्टनच्या क्लबकडून तो एका सामन्यात उतरला. त्याचं म्हणणं, मित्रत्वाचा सामना आहे, खासगी मैदान आहे, चालेल असं सांगण्यात आलं. प्रत्यक्षात तो सरेच्या लीगचा सामना निघाला आणि आयसीसीने चौकशी लावली. पुढे जादा शिक्षा झाली नाही, पण ज्याची बंदीची काही वर्षं स्थगित ठेवलेली असतात त्याने असं केलं तर ती वर्षं अंगावर येऊ शकतात.

तेव्हा तुमच्या आयोजकाला सांगा, आधी संलग्नता कोणाशी आहे ते पत्रकावर बघा, शंका असेल तर खेळाडूने बोर्डाच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाला ईमेल करून लेखी उत्तर मागावं, आणि उत्तर येईपर्यंत पॅड बांधू नयेत.

नवा_भिडू

पत्रकावर जिल्हा संघटनेचं नाव आहे. कळवतो त्यांना.